वाफेने विझणारा उजेड : द्रावकांच्या वाफा ओळखणारे फ्लुरोसंट थर

बेंझिनची वाफ हवेत आहे हे नाकाला कळते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांप्रमाणे आठ तासांच्या पाळीत कामगाराच्या श्वासातील हवेत बेंझिनचे सरासरी प्रमाण १ पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत एका भागाच्या, वर जाता कामा नये. त्याचा गोडसर वास मात्र बहुतेकांना जाणवतो तो ही मर्यादा अनेक पटींनी ओलांडली गेल्यावर, आणि नाक कोणत्याही वासाला लवकर सरावत असल्यामुळे तोही थोड्या वेळाने जाणवेनासा होतो. बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो हे आता वादातीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याची गणना माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात करते.

रंगात मिसळायचा थिनर, चपला-बुटांचे तळ चिकटवण्याचे सोल्युशन, छपाईची शाई, ड्रायक्लीनिंगचे रसायन, यंत्राचे भाग धुण्याचे द्रव, अशा असंख्य वस्तूंत कार्बनी द्रावक असतात आणि ते उडून जावेत हीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. उडून गेलेला द्रावक आसपासच्या माणसाच्या फुप्फुसात जातो, एवढाच भाग हिशेबात धरायचा राहून जातो. चीनमधील सुझोऊ येथे टचस्क्रीन बनवणाऱ्या एका कारखान्यात २००९ च्या सुमारास पडदे पुसण्यासाठी अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरण्यात येऊ लागले, कारण ते लवकर वाळते आणि काम भराभर उरकते. शरीरात हेक्झेनचे रूपांतर हेक्झेनडायोन या संयुगात होते व ते हातापायांपर्यंत जाणाऱ्या लांब मज्जातंतूंना इजा करते. १३७ कामगारांना त्याची बाधा झाल्याचे त्या कारखान्याचा माल घेणाऱ्या अ‍ॅपल कंपनीने पुढे आपल्या पुरवठादारांविषयीच्या अहवालात नमूद केले. मुंग्या आणि बधिरता ही लक्षणे दिसू लागेपर्यंत तेथील हवेत काही वावगे आहे, याची त्या कामगारांना कल्पना येण्याचा मार्ग नव्हता.

हवेतील वाफ मोजण्याची साधने नाहीत असे नाही. अतिनील दिव्याने वाफेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन काढून त्यातून निर्माण होणारा विद्युतप्रवाह मोजणारी हातात धरण्याजोगी यंत्रे सुरक्षा अधिकारी वापरतात. ती संवेदनशील असतात, परंतु वाफ कोणती हे सांगत नाहीत, आणि मिथेनॉलसारखी काही द्रावके त्यांच्या नेहमीच्या दिव्याला सापडतच नाहीत. टिन ऑक्साइडचे स्वस्त सेन्सर शेकडो अंशांपर्यंत तापवावे लागतात. कोळशाच्या नळीत हवा ओढून ती प्रयोगशाळेत पाठवली तर गॅस क्रोमॅटोग्राफी हे तंत्र प्रत्येक घटक वेगळा काढून दाखवते, पण त्याचे उत्तर पाळी संपून गेल्यावर येते. तापवावे न लागणारे, ठिणगीचा धोका नसलेले, बटणाएवढे आणि तत्काळ बोलणारे असे काहीतरी हवे, या गरजेतून फ्लुरोसंट थरांकडे रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष गेले.

फ्लुरोसन्स म्हणजे काय ते आधी पाहू. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्स यांनी १८५२ मध्ये दाखवून दिले की क्विनाइनच्या द्रावणावर डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश पाडला तर ते निळसर उजळते. रेणूतील इलेक्ट्रॉन प्रकाशाची ऊर्जा घेऊन वरच्या पातळीवर जातो, तेथे काही नॅनोसेकंद राहतो, त्या अवधीत थोडी ऊर्जा रेणूच्या कंपनांत गमावतो आणि उरलेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकून खाली येतो. बाहेर पडणाऱ्या प्रकाशात ऊर्जा कमी असल्याने त्याची तरंगलांबी आत गेलेल्या प्रकाशापेक्षा मोठी असते. हा फरक उपकरण बनवणाऱ्याला फार सोयीचा ठरतो, कारण दिव्याचा मूळ प्रकाश गाळणीने अडवून फक्त रेणूचा प्रकाश मोजता येतो, आणि काळोख्या पार्श्वभूमीवरील अगदी क्षीण बदलही त्यामुळे टिपता येतो.

यातली कळीची गोष्ट म्हणजे ते काही नॅनोसेकंद. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर असताना शेजारी कोण आहे यावर त्याचे पुढचे भवितव्य ठरते. शेजारी इलेक्ट्रॉनचा भुकेला रेणू आला तर तो इलेक्ट्रॉन पळवतो आणि प्रकाश बाहेर पडतच नाही. शेजार अधिक ध्रुवीय झाला तर प्रकाशाचा रंग सरकतो. रेणूला हलायला-वळायला मोकळीक मिळाली तर ऊर्जा उष्णतेच्या वाटेने निघून जाते. वाफ ओळखणारा प्रत्येक फ्लुरोसंट थर यांपैकी एखाद्या, क्वचित दोन-तीन, परिणामांवर चालतो.

हे रेणू द्रावणात न ठेवता काचेवर किंवा प्लास्टिकवर पातळ थराच्या रूपात बसवले तर ते वाळून जात नाहीत, सांडत नाहीत, आणि स्वच्छ हवा सोडली की पुन्हा वापरता येतात. द्रावणाचे थेंब वेगाने फिरणाऱ्या काचेवर टाकून, काच द्रावणात बुडवून काढून किंवा रेणू काचेच्या पृष्ठभागाला रासायनिक बंधाने जोडून असे थर तयार केले जातात. थर जितका पातळ तितकी वाफ लवकर आतपर्यंत पोचते. जाड थरात वरचेच रेणू वाफेला भेटतात आणि खालचे निर्धास्तपणे उजळत राहून बदल झाकून टाकतात.

या क्षेत्रातील सर्वांत गाजलेले यश मात्र द्रावकांच्या वाफेचे नाही, स्फोटकांचे आहे, आणि ते समजून घेतल्यावाचून द्रावकांची अडचण कळत नाही. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ टिमोथी स्वॅगर यांनी १९९० च्या दशकात लांबच लांब साखळीचे फ्लुरोसंट पॉलिमर वापरले. अशा साखळीत प्रकाशाने जागी झालेली ऊर्जा एका जागी न राहता साखळीभर फिरते, आणि फिरताना वाटेत एका ठिकाणी जरी टीएनटीचा रेणू चिकटलेला असला तरी तेथे ती विझते. दिवाळीच्या जुन्या पद्धतीच्या माळेतील एक बल्ब गेला की सगळी माळ जावी, तसा हा प्रकार आहे. साखळ्या एकमेकींवर दाटून बसू नयेत म्हणून स्वॅगर यांच्या गटाने त्यांना मोठे, अवघड आकाराचे गट जोडले, त्यामुळे थरात टीएनटीला शिरण्याजोग्या पोकळ्या राहिल्या. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामावरूनच पुढे फिडो नावाचे हातात धरायचे स्फोटकशोधक यंत्र तयार झाले. खोलीच्या तापमानाला टीएनटीची वाफ हवेत जेमतेम काही पीपीबी, म्हणजे शंभर कोटी भागांत काही भाग, इतकीच असते आणि तरीही ती या थराला सापडते.

मग साहजिक प्रश्न असा की ज्या तंत्राला अब्जांशांतले टीएनटी सापडते, त्याला दशलक्षांशातले बेंझिन का सापडू नये? याची दोन कारणे आहेत. पहिले कारण असे की टीएनटीच्या रेणूवर तीन नायट्रो गट असतात आणि ते इलेक्ट्रॉन ओढून घेण्यात अत्यंत तरबेज असतात. बेंझिन, टोल्युइन आणि हेक्झेन या दृष्टीने निरुपद्रवी आहेत. ते इलेक्ट्रॉन सहजी घेत नाहीत आणि देतही नाहीत, म्हणून उजळलेल्या रेणूशेजारी ते येऊन बसले तरी इलेक्ट्रॉनची देवघेव होत नाही. अ‍ॅनिलीनसारख्या अमाइनांचे तसे नाही. ती इलेक्ट्रॉन उदारपणे देतात, आणि म्हणूनच पेरिलीन या वर्गातील रंगद्रव्यांच्या थरांवर ती फार कमी प्रमाणातही पकडता येतात. आम्लांच्या वाफांचेही काम सोपे, कारण त्या रेणूला प्रोटॉन देऊन त्याचा रंगच पालटतात.

दुसरे कारण कमी बोलले जाते, पण माझ्या मते तेच अधिक मूलभूत आहे. कोणतीही वाफ थरात किती शिरेल हे तिचे हवेतील प्रमाण तिच्या संपृक्त प्रमाणाच्या, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या कमाल प्रमाणाच्या, मानाने किती आहे यावर बहुतांशी ठरते. टीएनटी मुळात उडतच नाही. हवेत काही पीपीबी असणे म्हणजे त्याच्या दृष्टीने हवा जवळजवळ भरलेली असणे, आणि अशा वेळी त्याचा रेणू हाती लागेल त्या पृष्ठभागाला घट्ट चिकटतो. बेंझिन उलट स्वभावाचे. त्याला हवेतच राहणे आवडते, आणि १ पीपीएम म्हणजे त्याच्या संपृक्ततेच्या जवळपास सव्वा लाखावा हिस्सा.

हा सव्वा लाखाचा आकडा कसा आला ते सांगणे आवश्यक आहे, कारण या विषयावरील पुष्कळसे दावे त्याच्या प्रकाशात वाचायला हवेत. २५ अंश सेल्सिअसला बेंझिनचा बाष्पदाब पाऱ्याच्या सुमारे ९५ मिलिमीटर असतो आणि वातावरणाचा एकूण दाब ७६० मिलिमीटर. म्हणजे बेंझिन ठेवलेल्या बंद बाटलीच्या मोकळ्या जागेत त्याचे प्रमाण साडेबारा टक्के, अर्थात सव्वा लाख पीपीएम, होते. टोल्युइनसाठी हाच हिशेब ३७,००० पीपीएमच्या आसपास येतो आणि क्लोरोफॉर्मसाठी अडीच लाखांच्या वर. अमेरिकी नियमांत टोल्युइनची आठ तासांची मर्यादा २०० पीपीएम, तर क्लोरोफॉर्मची कोणत्याही क्षणी न ओलांडण्याची मर्यादा ५० पीपीएम आहे. भारताच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत मोकळ्या हवेतील बेंझिनची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम इतकी ठरवली आहे, म्हणजे साधारण दीड पीपीबी. एखाद्या चित्रफितीत बाटलीच्या तोंडाशी धरलेला थर क्षणात विझताना दिसतो तेव्हा तो प्रत्यक्षात लाखभर पीपीएमला प्रतिसाद देत असतो, आणि इतक्या वाफेत माणूस सेन्सरची वाट पाहण्याइतका वेळ उभा राहू शकत नाही.

असे थर विझतात कसे, हे मात्र स्वतंत्रपणे पाहण्यासारखे आहे, कारण त्यात एक सुंदर रसायन दडलेले आहे. जर्मनीतील थेओडोर फॉर्स्टर आणि सहकाऱ्याने १९५४ मध्ये नोंदवले होते की पायरीनसारखे चपटे रेणू दाटीने एकत्र आले की त्यांचा मूळ उजेड मंदावतो. द्रावणात झगझगीत दिसणारे बहुतेक रंग वाळवून थर केला की निस्तेज होतात, आणि थरांच्या सेन्सरपुढे ही कित्येक दशकांची अडचण होती. हाँगकाँगमध्ये बेन झाँग टांग यांच्या प्रयोगशाळेत २००१ मध्ये नेमके उलटे वागणारे रेणू सापडले. सायलोल वर्गातील एका संयुगाचा ओला ठिपका अतिनील दिव्याखाली काळा राहत होता आणि तोच वाळला की उजळत होता. या रेणूंना पंख्याच्या पात्यांसारखी मांडलेली फिनिल वलये असतात. द्रावणात ती गरगरत राहतात आणि प्रकाशाची ऊर्जा त्या फिरण्यात खर्ची पडते. दाटीत अडकली की फिरणे थांबते आणि ऊर्जेला प्रकाश होण्यावाचून मार्ग उरत नाही.

टेट्राफिनिलइथिलीन हा या घराण्यातील बनवायला सोपा आणि म्हणून सर्वाधिक वापरला जाणारा रेणू आहे. त्याचा ठिपका क्लोरोफॉर्म किंवा अ‍ॅसिटोनच्या वाफेत धरला तर विझतो आणि वाफ निघून गेल्यावर पुन्हा उजळतो, हे टांग यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवले. येथे इलेक्ट्रॉनची देवघेव होत नाही. वाफ ठिपक्यात शिरते, घट्ट बसलेल्या रेणूंना सैल करते आणि अडकलेली वलये पुन्हा फिरू लागतात. या यंत्रणेचा मोठा गुण असा की बेंझिन वा हेक्झेनसारख्या रासायनिकदृष्ट्या अबोल वाफाही तिला जाणवू शकतात, कारण रेणूंना सैल करण्यासाठी वाफेने फक्त विरघळवणारे असावे लागते. दोषही तोच. थर सैल व्हायला भरपूर वाफ आत जावी लागते, आणि १ पीपीएम बेंझिनात आत जाणारे रेणू इतके तुरळक असतात की दाटी सैल होतच नाही.

संपृक्ततेच्या वर सांगितलेल्या नियमातून आणखी एक विचित्र परिणाम निघतो. बेंझिन, टोल्युइन आणि झायलीन हे तीन भाऊ सहसा एकत्र सापडतात, आणि साध्या पॉलिमरच्या थरासमोर तिघांचे हवेतील प्रमाण सारखे ठेवले तर कमी उडणारा भाऊ थरात जास्त शिरतो. टोल्युइन बेंझिनच्या सुमारे तिप्पट शिरते आणि झायलीन दहापटीच्या आसपास. म्हणजे तिघांत जो सर्वांत घातक, तोच थराला सर्वांत कमी जाणवतो. भावंडांच्या या मिश्रणात एकट्या बेंझिनचे प्रमाण सांगणारा साधा फ्लुरोसंट थर असल्याचा दावा कोणी केला, तर तो थर झायलीनकडे दुर्लक्ष कसे करतो, हा पहिला प्रश्न विचारावा.

या सगळ्यात पाण्याची वाफ अजून आलेली नाही, आणि आपल्याकडे ती विसरून चालणार नाही. महाड किंवा लोटे परशुराम येथील रासायनिक वसाहतींत पावसाळ्यात तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के धरली, तर हवेत पाण्याची वाफ ३३,००० पीपीएमच्या घरात असते. बेंझिन १ पीपीएम असेल तर त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे तेहेतीस हजार रेणू थराच्या दाराशी उभे असतात. तेलकट, पाणी झटकणारा थर केला तर पाणी आत येत नाही, पण मग मिथेनॉल आणि अ‍ॅसिटोनसारख्या ध्रुवीय द्रावकांनाही तेथे जागा राहत नाही. कोरड्या नायट्रोजनच्या प्रवाहात मिळालेला उत्तम आलेख कोकणातल्या जुलै महिन्यात तसाच येईल असे मानणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

एकच थर सगळे सांगू शकत नाही हे मान्य करून काहींनी वेगळी वाट धरली. टफ्ट्स विद्यापीठातील डेव्हिड वॉल्ट, जॉन कौअर आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रकाशवाहक तंतूंच्या टोकांवर नाइल रेड हे रंगद्रव्य वेगवेगळ्या पॉलिमरांत मिसळून बसवले. नाइल रेडचा रंग भोवतालच्या ध्रुवीयतेप्रमाणे सरकतो आणि प्रत्येक पॉलिमरात वाफ कमी-अधिक वेगाने शिरते. म्हणून एकेका टोकाचा प्रतिसाद संदिग्ध असला, तरी सगळ्या टोकांचे मिळून बनणारे चित्र त्या वाफेपुरते ओळखू येण्याजोगे असते, आणि ते ओळखायला संगणक शिकवता येतो. आपले नाकही काहीसे असेच चालते. मात्र शिकवलेल्या यादीबाहेरची वाफ आली, किंवा दोन वाफा भलत्या प्रमाणात मिसळल्या, की हे चित्र फसवे होऊ लागते, आणि कारखान्यातील हवा बहुधा मिश्रणच असते.

दुसरी वाट आकारावरून निवड करण्याची. धातूचे अणू आणि कार्बनी दुवे यांच्या जाळीतून बनलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या स्फटिकांची छिद्रे हव्या त्या मापाची करता येतात आणि दुवे फ्लुरोसंट ठेवता येतात. बेंझिन मावेल पण झायलीन मावणार नाही असे छिद्र कल्पनेत सोपे वाटते. अडचण अशी की हे पदार्थ सहसा भुकटीच्या रूपात मिळतात आणि त्यांचा सलग, एकसारखा थर करणे कष्टाचे असते.

थराच्या आयुष्याचाही प्रश्न आहे. सतत अतिनील प्रकाशात राहणारा कार्बनी रंग हवेतील ऑक्सिजनच्या साथीने हळूहळू फिका पडतो, आणि उजेड कमी झाला तो वाफेमुळे की थर जुना झाल्यामुळे, हे नुसत्या तीव्रतेवरून कळत नाही. यावर उपाय म्हणून एकाच थरात दोन रंगांचे रेणू ठेवतात, एक वाफेला प्रतिसाद देणारा आणि दुसरा न देणारा, आणि दोन्ही उजेडांचे गुणोत्तर मोजतात. दिवा मंद झाला तरी गुणोत्तर फारसे बदलत नाही. दिवा अखंड न लावता काही सेकंदांनी क्षणभर लावला, तरी थर पुष्कळ टिकतो. प्रमाणाच्या अडचणीवर तोडगा म्हणून आधी काही मिनिटे हवा शोषक पदार्थातून ओढून वाफ साठवायची, मग तो पदार्थ तापवून साठलेली वाफ एकदम थरावर सोडायची, असेही करतात. त्याने संवेदनशीलता वाढते, पण न तापवता तत्काळ उत्तर देण्याचा मूळ फायदा त्यात निम्मा जातो.

या मर्यादा ओळखून पाहिले तर फ्लुरोसंट थरांना आज शोभणारी कामे निराळी दिसतात. द्रावकाच्या टाकीजवळ गळती झाली की नाही, सीलबंद खोलीत वाफ भरली की नाही, अशा प्रश्नांत प्रमाण शेकडो-हजारो पीपीएमचे असते, वाफ कोणती ते आधीच ठाऊक असते आणि उत्तर हो किंवा नाही एवढेच लागते. श्वसनमुखवट्याच्या कोळशाच्या डबीचे उदाहरण तर त्याहून चपखल आहे. कोळसा भरत आला की वाफ हळूहळू पुढे सरकते, आणि डबी बदलण्याची वेळ झाली हे कामगार अनेकदा वासावरून ओळखतो, जे बेंझिनच्या बाबतीत मुळीच विश्वासार्ह नाही. वाफ शोषून रंगाची पट्टी पुढे सरकवणाऱ्या पातळ थरांच्या डब्या बाजारात आल्या आहेत. त्या फ्लुरोसंट नाहीत, नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या आहेत. फ्लुरोसंट थराने त्यांच्या जागी यायचे झाले तर छोटा अतिनील एलईडी आणि प्रकाश मोजणारा घटक एवढी भर लागेल, आणि मोबदल्यात पट्टी दिसण्याइतकी वाफ साठण्याच्या बऱ्याच आधी इशारा मिळू शकेल. डबी काही पाळ्यांनंतर टाकूनच द्यायची असल्यामुळे थर फिका पडण्याची चिंता येथे उरत नाही. हवेतील दमटपणाची मात्र उरते, आणि पाणी झटकणारे पण बेंझिनला आत घेणारे पॉलिमर शोधण्याचे काम त्यामुळेच या विषयात सर्वांत मोलाचे ठरते.